खोल समुद्राचं तापमान आणि उलटा होणारा थर्मामीटर

‘इलेक्ट्रॉनिक सेन्सर येईपर्यंत खोल समुद्राचं तापमान मोजताच येत नव्हतं, थर्मामीटर वर ओढेस्तोवर पारा बदलायचा,’ असा दावा सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

शंका रास्त, पण तिच्यावर तोड १८७४ सालीच निघाली होती. लंडनच्या नेग्रेटी आणि झांब्रा या उपकरणं बनवणाऱ्यांनी उलटा होणारा थर्मामीटर बनवला. हव्या त्या खोलीवर तो उलटा केला, की नळीच्या अरुंद गळ्याशी पारा तुटायचा आणि तुटलेला भाग दुसऱ्या टोकाला अडकून राहायचा. मग वर येताना पाणी कितीही कोमट लागो, नोंद तिथलीच!

त्याच सुमारास ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश समुद्र-संशोधन मोहिमेत (१८७२–७६) मुख्यतः कमाल-किमान थर्मामीटर, म्हणजे वाटेत लागलेलं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान नोंदवणारा, वापरत. पाण्याच्या दाबापासून बचावाला त्याच्या फुगीर टोकावर दुसरी काच असे. मात्र थंड थराखाली उबदार पाणी असलं, की किमान नोंद वरच्या थंड थराचीच राहायची आणि तो फसायचा.