ढवळाढवळ

शेजारच्या ऊमनी माझ्या हातातला डाव काढून घेतला, अंगणात निघालेल्या सापाच्या पिल्लाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं, आणि काही न बोलता तो आपल्या घरात ठेवून आले. परत येऊन खुर्चीत बसले, पाय लांब केले आणि म्हणाले, "हं. आता बोल, काय म्हणत होतास?"

दुपारचे साडेबारा वाजले होते. तीन पायांच्या बिडाच्या भांड्यात दोन किलो मोठ्याचं मटण नुकतंच पडलं होतं आणि पुढचे चार तास त्याला हात लावायचा नव्हता. हात म्हणजे चमचा, पळी, उलथणं, काडी, काहीही. पॉइकी ढवळायची नसते. हा पहिला नियम, आणि ऊमच्या मते दुसऱ्या नियमाची गरजच नाही.

दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया आणि जोहान्सबर्ग यांच्यामध्ये सेंच्युरियन म्हणून गाव आहे, तिथे आम्ही राहतो. ऊम आमचे शेजारी. ऊम म्हणजे आफ्रिकान्समध्ये काका. नात्याचा असो-नसो, वयाने मोठ्या पुरुषाला ऊम म्हणायचं आणि बाईला तानी. हे कळलं त्या दिवशी मला या देशात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. परक्या माणसाला काका म्हणायचं आणि मग जन्मभर त्याचे सल्ले ऐकायचे, ही तर आपलीच रीत.

पॉइकी म्हणजे छोटं भांडं, आणि त्यात जे शिजतं तेही पॉइकीच. रोमन लिपीत हा शब्द बघितला तर सरळ 'पोटजी' असा वाचता येतो. मी सहा महिने पोटजीच म्हणत होतो. पोटाला आदरार्थी 'जी' लावणारी भाषा म्हणून आफ्रिकान्सविषयी मला फार आदरही वाटायचा. ऊमनी एकदा उच्चार सुधारला आणि तो आदर थोडा कमी झाला.

भांडं आमच्या घरात आलं ते 2023 मध्ये. त्या वर्षी इथे लोडशेडिंगचा कहर होता. दिवसातून तीन-चार वेळा दोन-दोन तास वीज जायची, आणि कधी जाणार ते मोबाइलवर कळायचं. आसपासचे लोक हवालदिल झाले होते. मी नगरचा. आमच्या कॉलेजच्या वर्षांत भारनियमन नव्हतं असा दिवस आठवावा लागतो. मी मोठ्या अनुभवी चेहऱ्याने सगळ्यांना मेणबत्त्यांचे सल्ले दिले. पण स्वयंपाकघरात इंडक्शनची शेगडी, आणि तिच्यापुढे अनुभव चालत नाही. तेव्हा ऊम म्हणाले, "तीन नंबरची पॉइकी घे. तिला ना वायर, ना बटण."

या भांड्यांना चपलांसारखे नंबर असतात. तीन नंबर म्हणजे साधारण आठ लिटर, सहा-आठ माणसांचं. पोट गोल, वर कडी, जड झाकण आणि खाली तीन पाय. आपल्याकडे चुलीला तीन दगड मांडतात. इथे भांडं आपले तीन दगड स्वतःच घेऊन हिंडतं. बायकोने ते पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाली, "तीन तिगाडा, काम बिगाडा." ती बोलते ते खरं होतं. त्यामुळेच तिच्यासमोर मी कुठली योजना मांडत नाही.

नवं बीड लगेच वापरता येत नाही. आधी घासा, मग पाणी उकळून फेका, तेल चोपडा, तापवा, पुसा, पुन्हा तेल. फडक्यावर काळं येणं थांबेपर्यंत हे चालतं. आईने बिडाचा तवा असाच महिनाभर माणसाळवला होता, त्यामुळे मला ते ओळखीचं होतं. चार शनिवार मी तेच केलं. पाचव्या शनिवारपर्यंत वीज बऱ्यापैकी राहायला लागली, आणि भांडं ओसरीच्या कोपऱ्यात गेलं. काही दिवसांनी बायकोने त्यात पुदिना लावला. पुदिना फार छान आला.

मग गेल्या 24 सप्टेंबरला ऊमनी आम्हाला जेवायला बोलावलं. हा इथला हेरिटेज डे, सुट्टीचा दिवस. आपापल्या वारशाचा अभिमान बाळगायचा असतो. बहुतेक घरांत तो निखाऱ्यांवर मांस भाजून बाळगतात. ऊमनी मात्र शेपटीच्या मांसाची पॉइकी केली होती. ती जिभेवर ठेवल्यावर मी जे बोललो ते बोलायला नको होतं. मी म्हणालो, "वा! पुढची माझ्याकडे."

ऊम म्हणाले, "लेक्कर." म्हणजे छान, चविष्ट, मस्त, ठरलं, आणि आता सुटका नाही.

नोव्हेंबरातला शनिवार ठरला. पुदिन्याचं पुनर्वसन झालं, भांड्याला पुन्हा तेलपाणी झालं. शेपटीचं मांस महाग पडतं, म्हणून मी पायाचं आणलं, हाडासकट गोल कापलेलं, प्रत्येक तुकड्यात मधोमध नळी. आमचं घर ख्रिस्ती, त्यामुळे लहानपणी नळीवरून भावंडांत झालेल्या लढाया मला तारखांसकट आठवतात. पण आमच्याकडे मांस शिजायचं कुकरमध्ये, आणि वेळ मोजायची शिट्ट्यांत. कोवळं असेल तर पाच, जून असेल तर आठ, पाहुणे दारात असतील तर जेवढ्या होतील तेवढ्या. इथे शिट्टीच नाही. पायाचं मांस म्हणजे जन्मभर चाललेला स्नायू. त्यातला चिवट भाग विरघळून रस्सा दाट व्हायला मंद आच लागते आणि तास लागतात. मी विचारलं, "ऊम, किती वेळ?"

"जस्ट नाऊ."

दक्षिण आफ्रिकेत 'जस्ट नाऊ' म्हणजे आत्ता नाही. कधीतरी. आपला "हा काय, निघालोच" म्हणणारा माणूस अजून आंघोळीला गेलेला नसतो, तसं. लवकर असेल तर 'नाऊ नाऊ' म्हणतात. दोनदा आत्ता म्हटल्यावर कुठे थोडं आत्ता होतं.

तेल तापलं, मांस लालसर परतलं, कांदा-लसूण पडला. परतण्यापुरता डाव चालतो, तेवढ्यात ऊमची पाठ वळली आणि मी दोन चमचे कांदा-लसूण मसाला आत सोडला. त्यांनी तेजपान, मिरी, धणे टाकले, थोडं पाणी, आपल्या ग्लासातली अर्धी बिअर, आणि झाकण लावलं. दोन तास फक्त मांस. मग वर गाजरं, बटाटे, त्यावर फरसबी, सगळ्यात वर मशरूम. जे कठीण ते तळाला, जे नाजूक ते वर, आणि एका थराने दुसऱ्यात मिसळायचं नाही. मला ही व्यवस्था आमच्या गावाकडची वाटली, पण बोललो नाही.

डाव जप्त झाला तो झाकण लागल्या लागल्या. मी फक्त खाली लागलं का ते बघत होतो.

तुम्हीच सांगा, मराठी माणसाला न ढवळता बसता येतं का? पिठलं, खीर, रवा, दूध, आपल्या घरात जे चुलीवर चढतं त्यासोबत एक वाक्य चढतंच: "हलवत राहा, खाली लागेल." भाषेनेही पुरती सोय करून ठेवली आहे. दुसऱ्याच्या कामात लक्ष घालण्याला आपण ढवळाढवळ म्हणतो आणि तरी करतो. मी खुर्चीत बसलो. उठलो. भांड्याभोवती एक चक्कर मारली. ऊमनी कान झाकणाजवळ नेला आणि बोट ओठांवर ठेवलं. आतून हलकंसं बुडबुड ऐकू येत होतं. "हळू बोलतंय तोवर ठीक," ते कुजबुजले. "ओरडायला लागलं की निखारे काढ. गप्प झालं की घाल." ऐंशीच्या घरातला माणूस भांड्याला कान लावून बसला होता. माझं ते दहा मिनिटं ऐकत नाहीत.

पावणेतीनला पाहुणे आले. एक मराठी जोडपं, मूळ डोंबिवलीचं, आणि माझ्या ऑफिसातले एक वडीलधारे त्स्वाना गृहस्थ. त्स्वाना भाषेत पुरुषाला मानाने 'रा' म्हणतात. आपलं 'राव' समजा, व गळालेला. डोंबिवलीकर आल्या आल्या म्हणाला, "ढवळलंस का?" मी ऊमकडे बघितलं. डोंबिवलीकरीण म्हणाली, "एकदाच, हळूच, कडेकडेने." रा आरामात बसले, भांडं निरखलं आणि म्हणाले, "भाज्या कशाला घातल्या?"

त्यांच्याकडेही हेच तीन पायांचं भांडं. लग्न असो की मयत, पुरुषमंडळी त्यात सेस्वा शिजवतात. फक्त मांस, पाणी, मीठ. तासन् तास शिजवायचं आणि मग लाकडी दांडक्याने कुटायचं, पार रेषा-रेषा होईपर्यंत.

"कुटायचं?" ऊम म्हणाले.

"चांगलं कुटायचं."

माझ्या अंगणात, एकाच भांड्याच्या दोन बाजूंना, एकजण त्याला चमचाही लागू न देणारा आणि एकजण त्यात मुसळ घालणारा, असे दोघे बसले होते. आणि मोबाइलच्या पडद्यावर, नगरहून, तिसरी बाजू उगवली.

"काय रे, किती वेळ झाला?"

"अडीच तास, आई."

"अडीच तास? कुकर बिघडला का? आणि ढवळतंय कोण?"

"कुणीच नाही. ढवळायचं नसतं."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "देवा. बायकोला दे फोन."

ऊमना मी आईचं म्हणणं भाषांतर करून सांगितलं. त्यांनी आपल्या पूर्वजांना मैदानात उतरवलं. केपला 1652 मध्ये डच उतरले, त्यांच्या मागोमाग असली भांडी आली. 1830 च्या दशकात बोअर, म्हणजे त्या डचांच्या वंशातली, कुटुंबं बैलगाड्या जुंपून देशाच्या आतल्या भागात निघाली, तेव्हा हेच भांडं गाडीखाली लटकलेलं असायचं. रात्री मुक्कामाला उतरवायचं, कालच्या उरलेल्यात आजची शिकार घालायची, विस्तव करायचा. "आणि ढवळायचं नाही," ऊम म्हणाले. गाडी ओढणाऱ्या बैलांना मागे काय लटकलंय ते ठाऊक नसावं, अशी मी मनात प्रार्थना केली.

साडेतीनला आभाळ काळवंडलं. या पठारावर उन्हाळ्यातलं वादळ सरकारी कचेरीपेक्षा वक्तशीर. दुपारी आभाळ कोरं, तीनला ढगांचे मनोरे, चारला कडकडाट. आधी मी भांड्यावर छत्री धरली. मग पहिली गार छत्रीतून आरपार गेली.

"आत घ्या!" बायको ओरडली.

कडी लालबुंद तापलेली. ऊमनी फावड्याचा दांडा कडीतून ओवला, एक टोक स्वतःच्या खांद्यावर, दुसरं माझ्या. ऊम सहा फूट चार इंच. मी पाच फूट पाच. भांडं उचललं तसं ते दांड्यावरून घसरत थेट माझ्या नाकासमोर आलं. ऊम वाकले. ते ऊमकडे गेलं. गारा डोक्यावर, पाय चिखलात, मागून रा "डावीकडे! डावीकडे!" म्हणताहेत. नगरवरून पंढरीला जाणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीला लहानपणापासून मी रस्त्याकडेने हात जोडले आहेत. खांदेकऱ्यांची उंची सारखी का बघत असतील ते त्या दिवशी कळलं. ओसरीच्या पायरीला भांडं एकदा आपटलं, गॅरेजच्या उंबऱ्याला दुसऱ्यांदा. झाकण खणखणलं. आत काहीतरी मोठं, जड, निर्णायक असं उलटंपालटं झाल्याचा आवाज आला.

भांडं खाली ठेवलं. कुणी बोलेना. ऊमनी झाकण उचललं.

थर नव्हते. तळाची नळी वर आली होती, मशरूम तळाला गेली होती, गाजर फरसबीच्या गळ्यात गळा घालून होतं आणि बटाटा रस्सा होऊन सगळ्यांत मिसळला होता. ऊमनी टोपी काढली. पावसाने भिजली होती म्हणून असेल.

बायकोच्या हातातल्या मोबाइलमधून आईचा आवाज आला, "बघू. हं. आत्ता कसं एकजीव दिसतंय!"

मी धीर करून विचारलं, "ऊम, तुमच्या पूर्वजांच्या गाड्यांना स्प्रिंगा होत्या का?"

"नव्हत्या. का?"

"नाही, दिवसभर खडकांवरून गाडी चालायची. भांडं खाली लटकलेलं. आत कालचं कालवण."

ऊमनी बराच वेळ भांड्याकडे बघितलं. मग म्हणाले, "या-निअ." या म्हणजे हो, निअ म्हणजे नाही. एका दमात दोन्ही म्हणायची सोय ज्या भाषेत आहे, तिच्याविषयीचा माझा आदर तिथल्या तिथे परत आला.

वाढायची वेळ झाली तेव्हा लक्षात आलं, डाव ऊमच्या घरी. बाहेर लिंबाएवढ्या गारा. शेवटी चहाच्या कपाने वाढलं. सोबत तानींनी पातेलंभर पाप करून आणलं होतं. मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीला इथे पाप म्हणतात, उच्चार आपल्या पापापेक्षा जरा आखूड एवढंच. डोंबिवलीकर म्हणाला, "मला पाप कमी." रा म्हणाले, "त्यांचं मला द्या." वाल्या कोळ्याला जन्मात जो वाटेकरी मिळाला नाही तो माझ्या गॅरेजात बसला होता. त्यांनी मांस ताटात घेतलं, काटा आडवा धरला आणि शांतपणे कुटायला सुरुवात केली. ऊमनी मान दुसरीकडे वळवली.

ऊम तीन कप जेवले. तिसऱ्या कपाला म्हणाले, "यात काहीतरी आहे."

"धणे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी भांडं घासायला घेतलं तर तळाला बोटभर काळी खरपुडी. तासभर खरवडली. आईला मी ते सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. नुसतं, "पाण्यात भिजत घाल आधी," एवढंच म्हणाली.

डाव अजून ऊमकडेच आहे. मी दोनदा मागितला, दोन्ही वेळा "जस्ट नाऊ" उत्तर मिळालं. परवा तानींनी भिंतीवरून खुलासा केला: पाप करताना सारखं ढवळावं लागतं, नाहीतर गुठळ्या होतात आणि खाली लागतं, आणि त्या कामाला असला लांब दांड्याचा डाव त्यांनी आयुष्यात बघितला नव्हता. आता रोज सकाळी सहाला भिंतीपलीकडून पातेल्यात डाव फिरल्याचा आवाज येतो. मधूनच ऊमचा आवाजही येतो. बहुधा ते कसं ढवळायचं ते सांगत असतात.