नव्या ब्रेक पॅडची घरघर आणि ‘जनहितार्थ’ ग्रीस

‘नवीन ब्रेक पॅड टाकल्यावर घर्र आवाज आला तर घाबरू नका, गॅरेजवाल्याकडे तर मुळीच जाऊ नका.’ असा एक मेसेज सध्या जिथे तिथे फिरतोय. त्यातलं ज्ञान असं: नवी चप्पल चावते तसे नवे पॅड हजार किलोमीटर आवाज करतात. शंभरच्या स्पीडला पाच-सहा वेळा करकचून ब्रेक मारले की पॅड ‘सेट’ होतात. तरी आवाज राहिला तर डिस्कवर थोडं ग्रीस नाहीतर गंज सोडवायचा स्प्रे मारा. डिस्क तापली तर पाणी ओता. पॅडला पॉलिश पेपर मारा. आणि डिस्क आयुष्यभर टिकते, ती बदलायला सांगणारा कमिशन खातो. खाली हात जोडलेले आणि ‘जनहितार्थ’.

मला हे आमच्या दाजींनी पाठवलं. कराडात पुढचे पॅड बदलून घेतले तेव्हापासून त्यांची गाडी घर्र घर्र करत होती, आणि शनिवारी ताईला आणि भाच्यांना घेऊन कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरायचं होतं. ‘दाजी, चाक काढून बघितलं का?’ तर म्हणे, ‘अरे, हजार किलोमीटर थांबायचं असतं, वाच की. आणि ग्रीसचा डबा आहेच घरात.’

तो डबा आहे म्हणूनच ग्रीसपासून सुरुवात करतो. डिस्क ही चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, पॅड तिच्यावर घासतो म्हणून गाडी थांबते. त्या दोघांच्या मध्ये ग्रीस घातलं की आवाज जाईल, कबूल. ब्रेकही जाईल. पॅडचा मसाला, म्हणजे त्याचा घासणारा थर, तेल शोषून घेतो, त्यामुळे वरून फडक्याने पुसून काही होत नाही. तेल प्यायलेले पॅड फेकून नवे घालावे लागतात. त्यातही एका चाकाला जास्त लागलं आणि दुसऱ्याला कमी, तर ब्रेक दाबल्या दाबल्या गाडी एका अंगाला ओढते. कुंभार्लीच्या वळणावर कुठल्या अंगाला ओढेल ते मेसेजवाल्याने कळवावं. नवी डिस्क येतानाच तिच्यावर गंज धरू नये म्हणून तेलाचा पातळ थर दिलेला असतो, आणि बसवण्याआधी ब्रेक क्लीनरने तो साफ करायचा असतो. कारागीर जे पुसून काढतो तेच हे महाशय परत लावायला सांगतायत.

ग्रीसची गोष्ट हवेतून आलेली नाही, एवढं मात्र मान्य करावं लागेल. ब्रेकच्या कामात ग्रीस लागतं. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्या पिनांना, पॅडचे कान ब्रॅकेटमध्ये बसतात तिथे, आणि काही गाड्यांत पॅडच्या पाठीला. तेही उष्णता सोसणारं, ब्रेकसाठीच बनवलेलं, आणि अगदी बोटभर. पिना सुक्या राहिल्या तर कॅलिपर अडकतो, पॅड डिस्कला चिकटून राहतो, चाक तापतं. पण पॅडच्या तोंडाला आणि डिस्कला ग्रीसचा ठिपकाही लागता कामा नये. कुणीतरी अर्धं ऐकलं आणि पुढे ढकललं.

तापलेल्या डिस्कवर पाणी? बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, डिस्क एका जागी झटकन थंड झाली तर वाकडी होऊ शकते, तडकू शकते. पॉलिश पेपरने मसाल्याचा वरचा थर खरवडला जातो, घर्र जिथून येतंय ते जिथल्या तिथे. पुढे.

आता हजार किलोमीटर आणि करकचून ब्रेक. दाजींची गाडी होंडाची आहे. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. त्यात सांगितलंय की पहिले 300 किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका, आणि ब्रेक बदलल्यावरही हेच पाळा. मेसेजच्या पहिल्या दोन्ही मुद्द्यांचा निकाल इथेच लागतो. पॅड आणि डिस्क एकमेकांना बसायला थोडा काळ लागतो, हे खरं. पण तो काळ जपून चालवायचा असतो. काही पॅड कंपन्या ठरावीक वेगावरून लागोपाठ मध्यम ब्रेक लावून पॅड बसवायला सांगतात. तुमच्या खोक्यावर तसं छापलं असेल तर तेवढंच करा. हायवेवर शंभरला करकचून ब्रेक मारलात तर मागच्या ट्रकवाल्याने हा मेसेज वाचलेला नसतो.

त्याच पुस्तकात असंही आहे की ब्रेक दाबल्यावर धातू घासल्यासारखा सतत आवाज येत असेल तर पॅड झिजल्याची खूण करणारी पट्टी डिस्कला लागतेय. पॅड नवे असतील तर ते झिजलेले नसणार हे उघड आहे. पण तीच पट्टी वाकली असेल किंवा पॅड चुकीच्या बाजूला बसला असेल तर नव्या पॅडनेही तसाच आवाज येतो. आणि ‘थांबा, आपोआप जाईल’ असं त्या पुस्तकात कुठेही नाही.

आपोआप जाणारे आवाज असतात. सुरुवातीची हलकी खसखस जाते. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो, तो सकाळी चार-दोन ब्रेकमध्ये निघून जातो. घर्र वेगळं, आणि ते केव्हा येतं ते बघायला पैसे पडत नाहीत. ब्रेक न दाबताही येतंय, चाकाबरोबर फिरतंय? बहुतेक वेळा डिस्कच्या मागचा पातळ पत्रा काम करताना वाकलेला असतो, नाहीतर मध्ये खडा अडकलेला असतो. दाजींचं हेच निघालं. पत्रा हाताने मागे सारला, आवाज बंद. फक्त ब्रेक दाबल्यावर येतंय? मग जुन्या डिस्कच्या कडेला झिजून राहिलेली धार नव्या पॅडला लागत असेल, पॅड दुसऱ्याच मॉडेलचा असेल, किंवा उलटा बसवलेला असेल, म्हणजे मसाला बाहेर आणि लोखंड डिस्कवर. हसू नका, होतं असं. थांबता थांबता पॅडल पायाखाली थरथरून घरघरलं तर एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरला धक्का लागलाय का ते बघायला सांगा. आणि नुसती घुमल्यासारखी घरघर, स्टिअरिंग डावी-उजवीकडे वळवलं की कमी-जास्त होणारी, ही बहुधा चाकाच्या बेअरिंगची. पॅडवाल्याशी भांडू नका.

राहिलं कमिशन. खोटं नाही. डिस्क चांगली असताना बदलायला लावणारे भेटतात. पण म्हणून ती अमर होत नाही. डिस्कवरच किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. 20 कोरलंय आणि 19.4 भरली तर बदलायची, वाद संपला. फक्त कडेची धार धरून मोजू देऊ नका, तिथे जाडी फुगवून दिसते. पॅड फिरतो त्या पट्ट्यात मायक्रोमीटर लावायला सांगा आणि आकडा स्वतः वाचा. कमिशनवाल्याला गप्प करायलाही हा आकडा पुरतो.

पॅड बदलल्यावर गाडी हलवण्याआधी पॅडल घट्ट लागेपर्यंत दाबून घ्यायचं, कारण पॅडला ढकलणारे कॅलिपरमधले पिस्टन काम करताना मागे सारलेले असतात आणि पहिला ब्रेक रिकामा जातो. तेवढं करूनही पॅडल मऊ लागत असेल, किंवा दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत असेल, तर गाडी जागेवरून हलवू नका. ज्याने पॅड बसवले त्यालाच घरी बोलवा. काम त्याचं आहे, फेरी त्याने मारायची.