डिफेनबाकियाची सूज आणि चिंचेचा कोळ

सात रस्त्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो डिफेनबाकिया या शोभेच्या झाडावरून. सोलापूरच्या उन्हात नाजूक झाडे अंगणात टिकत नाहीत, म्हणून अनेकांनी ती बैठकीच्या खोलीत आणून ठेवली आहेत. त्यातल्याच एका झाडाचे पान अण्णांच्या नातवाने चावले आणि त्याची जीभ व ओठ टम्म सुजले. अळू खाजू नये म्हणून आपण चिंच घालतो, मग इथेही चिंचेचा कोळ का चालू नये, असा अण्णांचा सवाल होता.

महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी तो तिथल्या तिथे खोडून काढला. अळू, सुरण आणि डिफेनबाकिया एकाच कुळातले असून त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांच्या जुड्या असतात. पान चावताच त्या सुया जिभेत घुसतात. प्रयोगशाळेत हे स्फटिक ओळखण्याची खूणच ही, की ते हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळतात, पण व्हिनेगरमधल्या अ‍ॅसेटिक आम्लात नाही. मग सुजलेल्या जिभेवर चिंच काय करणार? उलट ती सोललेल्या त्वचेला झोंबेल. तोंडातला चोथा पुसून काढावा, चुळा भराव्यात, थंड दूध किंवा बर्फ द्यावा, उलटी मात्र करवू नये. आणि आवाज बसला, लाळ गिळता येईना किंवा श्वास अडकू लागला तर थेट रुग्णालय गाठावे.

अण्णा मग कोरफडीवर आले. इथे माझे मत थोडे त्यांच्या बाजूचे आहे. हाताला नुसती आग होत असेल तर साबणपाण्याने धुतल्यावर कोरफडीचा गर लावायला हरकत नाही, पण पान कापून काही वेळ उभे धरावे लागते. सालीलगतचा पिवळा, कडू चीक निथळला नाही, तर तो स्वतःच त्वचेला खाज आणतो. घाईत हे कोण करतो?

रोपवाटिका चालवणाऱ्या मित्राची चिंता निराळीच होती. युफोर्बिया या चिकाच्या शोभेच्या झाडाची छाटणी करताना उडालेला पांढरा चीक डोळ्यात गेला, तर लोक कोथिंबिरीचा रस पिळतात, असे त्याने पाहिले होते. सर त्यावर चक्क संतापले. त्या चिकाने बुबुळाला इजा होते, त्यामुळे किमान 15 मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरून नेत्रतज्ज्ञाकडे जावे, रस कोणताही असो, डोळ्यात नको, असे त्यांनी बजावले. अण्णांनी चिंच सोडली, कोरफड मात्र सोडली नाही.