डाव्या कुशीनं अटॅक येत नाही

निपाणीपासून खानापूरपर्यंत घरोघरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. डाव्या कुशीवर झोपलं की हृदय दबून अटॅक येतो. रात्री लघवीला उठताना साडेतीन मिनिटं थांबलं नाही तर हृदय बंद पडतं. छातीत दुखलं तर माणसाला आडवं करून पाय उंच धरा.

पहिलं साफ चूक. डाव्या कुशीवर हृदय किंचित सरकतं, कधी ईसीजीतही फरक दिसतो. पण त्यानं रक्तवाहिनी तुंबत नाही. अटॅक येतो तो बहुतेक वेळा हृदयाच्या धमनीत गुठळी होऊन. हृदय आधीच कमकुवत असलेल्यांना मात्र त्या कुशीवर धाप लागते. त्यांनी कूस बदलावी. आणि सपाट झोपल्यावर दम लागून उशीवर उशी घ्यावी लागत असेल, तर लगेच डॉक्टर गाठावा.

दुसऱ्यात खऱ्यात खोटं कालवलंय, म्हणून ते पटतं. आपण उभे राहिलो की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटाकडे, पायांकडे उतरतं. मानेतल्या धमन्यांना ते कळतं आणि काही सेकंदांत ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात. वय, जुनी शुगर, बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या यांमुळे हे सावरणं मंदावतं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० नं किंवा खालचं १० नं उतरलं, तर तो तपासून घेण्यासारखा दोष. डोळ्यांपुढे अंधारी येते. हृदय बंद पडत नाही, माणूस पडतो. परसातल्या संडासाच्या वाटेवर, न्हाणीच्या ओल्या फरशीवर आज्जीचं खुब्याचं हाड मोडतं, ही खरी भीती. घड्याळ कशाला लावायचं? काठावर बसा, पोटऱ्या हलवा, गरगरत नाही ना बघा, मग उठा. डॉक्टरांना उभ्यानंही बीपी बघायला सांगा. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

तिसऱ्याचा मला खरोखर राग येतो. पाय उंच केले की तेच रक्त छातीकडे परततं. थकलेल्या हृदयावर आणखी भार, दम लागलेला माणूस गुदमरतो. कणकुंबीकडून बेळगावच्या दवाखान्यात पोचायला वेळ जातो, तोवर सगळं घरच्यांच्याच हातात. शुद्धीत असेल तर भिंतीला टेकवून, गुडघे वाकवून बसवा, १०८ ला फोन लावा, चालवू नका. शुद्ध हरपून श्वास थांबला, तरच जमिनीवर सपाट निजवा आणि मिनिटाला १०० ते १२० या वेगानं छातीच्या मधोमध जोरात दाबत राहा.