अंतर किलोमीटरमध्ये नाही, पाण्यात मोजा

मागच्या मे महिन्यात आईला ताप भरला. आमचं गाव कोयना धरणाच्या फुगवट्याच्या पलीकडच्या काठाला, कांदाटी खोऱ्यात. उन्हाळ्यात पाणी इतकं खाली जातं की नेहमीच्या जागी लाँच लागत नाही. मग भेगाळलेल्या गाळातून काठापर्यंत उतरायचं, शेवटी शेवटी तर चपला हातात घेऊन. दोघांनी आईला खुर्चीत बसवून उचललं. वाटेत जुन्या घरांची जोती उघडी पडली होती. त्यातलं एक आजोबांचं. तापातही तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. खाली पोचलो तर लाँचवाला म्हणाला, "जरा वारं पडू दे, काका." दीड तास थांबलो. तापोळ्याला उतरल्यावर पुढे महाबळेश्वरपर्यंत पंचवीसेक किलोमीटरचा घाट होताच.

नकाशा काढून बघा. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना दोन डोंगररांगांमधून सरळ दक्षिणेला जाते, हेळवाकला पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. धरण झालं आणि या अरुंद खोऱ्यात १०५ टीएमसीचा (म्हणजे १०५ अब्ज घनफुटांचा) शिवसागर जलाशय पसरला. आमच्या पाठीशी सह्याद्रीची भिंत, तिच्यापलीकडे कोकणातलं खेड. समोर पाणी. त्यातलंच पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीकडे नेऊन वीज करतात. प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट. त्या विजेचा मला अभिमान आहे, अगदी मनापासून. पण ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली आहेत, त्यांना दवाखान्यात जायला वारं पडायची वाट बघावी लागते, हे मला सहन होत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की सरकारी निकष माणसं मोजतात, मधलं पाणी मोजत नाहीत. डोंगरी भागात आरोग्य उपकेंद्राला ३ हजार लोकसंख्या लागते, प्राथमिक आरोग्य केंद्राला २० हजार. आमच्याकडे एवढी माणसं आणायची कुठून? तरणी पोरं कधीच मुंबईला माथाडीत गेली. गावात म्हातारी माणसं आणि थोडी लेकरं. डोकी मोजली की आम्ही दरवेळी कमीच भरणार. आणि सोय नाही म्हणून अजून एखादं घर कुलूप लावून निघून जाणार.

रस्ते आणि पूल व्हायलाच हवेत, पण त्यांना वेळ लागतो. आजूबाजूला अभयारण्य आहे, २०१० पासून व्याघ्र प्रकल्पही. लाँच मात्र आजही आहेत. एसटीचं जसं वेळापत्रक असतं तसं लाँचचं का नसावं? दोन्ही काठांच्या गावांत फळ्यावर वेळ लिहा. आठवड्यातून ठरल्या दिवशी नर्सताई औषधांसह त्याच लाँचने येऊ द्या, तलाठीही येऊ द्या, म्हणजे एका दाखल्यासाठी म्हाताऱ्या माणसाचा अख्खा दिवस जाणार नाही. रात्रीच्या बाळंतिणीसाठी एक बोट कायम डिझेल भरून उभी ठेवा.

आई आता बरी आहे. पुढच्या आठवड्यात पावसाळ्याचा किराणा भरायला तापोळ्याला यायचं म्हणते. लाँच किती वाजता सुटेल, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.