आत्याला कुणी विचारलं का?

आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा म्हाताऱ्यांना सांभाळण्याचा वाद पेटलाय. लातूर जिल्हा परिषदेने २०२० साली ठराव केला होता, आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातून ३० टक्के कापून त्यांच्या खात्यात टाकायचे. ती जुनी बातमी कुणीतरी परत फिरवली. काका म्हणतात, सगळीकडे लागू करा. मग ठरलेलं वाक्य आलंच: "तिकडे इंग्लंडात म्हाताऱ्यांना होममध्ये टाकून मोकळे होतात, आपल्यात अजून संस्कार आहेत."

हे वाचलं की माझं डोकं फिरतं. मी इथे इंग्लंडातच कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, ॲडल्ट सोशल केअरमध्ये काम करते; म्हाताऱ्या-आजारी माणसांना रोजच्या जगण्यात मदत पुरवणारा हा विभाग. तुम्हाला कसं जगायचंय, हे विचारण्यात माझा दिवस जातो. आणि ते माझ्या चांगुलपणावर सोडलेलं नाही, केअर ॲक्ट २०१४ने बांधून घातलंय. गरज दिसली की असेसमेंट, म्हणजे त्या माणसाला कसली मदत हवी याची पाहणी, करायचीच, पैशाची चौकशी नंतर. ज्याला आपलं म्हणणं मांडणं जमत नाही आणि ज्याच्या बाजूने बोलणारंही कुणी नाही, त्याला स्वतंत्र ॲडव्होकेट द्यायचा; वकील नव्हे, त्याची बाजू मांडणारा माणूस.

मागच्या हिवाळ्यात एक आजोबा होते, नव्वदीला टेकलेले, स्वयंपाकघरात दोनदा पडलेले. मुलीचा हट्ट होमचा. आजोबांचं एकच, सकाळचं अंडं मी स्वतः तळणार. मी आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं स्वतःची स्वतः कशी जमतील हे बघणारी) त्यांच्या ओट्यापाशी उभ्या राहून बघत होतो. तव्यापाशी ते ठीक होते, फ्रिजकडे वळताना तोल जायचा. मग अंडी-लोणी हाताशी आणलं, टेकून काम करायला उंच पर्चिंग स्टूल आलं, गळ्यात पेंडंट अलार्म, बटण दाबलं की मदत बोलावणारा. त्यांच्या केअर प्लॅनमध्ये लिहिलं: केअररने, म्हणजे घरी येणाऱ्या मदतनिसाने, नाश्ता करून द्यायचा नाही, नुसतं जवळ थांबायचं.

आता कराडची आमची आत्या. तिला घरातच ठेवलंय, याचा सगळ्यांना अभिमान. ब्युरोची बाई चोवीस तास. हात धरला तर आत्या संडासापर्यंत चालते, तरी दिवसभर डायपर. सारखं उठवायला नको, आणि पडलीबिडली तर जबाबदारी कुणाची! जन्मभर मुख्याध्यापिका म्हणून मानाने वावरलेल्या बाईला हे चालतं का, एवढं विचारावंसं कुणाला वाटलं नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याखाली न्यायाधिकरण पोटगी देतं, महिना १०,००० रुपयांपर्यंत. पण अंघोळ कधी, देवळात कोण नेणार, हे कुठल्या हुकमात येतं?

हे बोलले की आतेभावाची बायको, वहिनी, म्हणते, "ताई, तुम्ही तिकडून सांगा, करायला आम्ही आहोत." खरंच आहे ते. कित्येक वर्षांत ती माहेरी चार दिवस सलग राहिलेली नाही. इथे तिचंही वेगळं असेसमेंट झालं असतं: तिला किती झेपतंय, तिला स्वतःला काय करायचंय. काकांच्या संस्कारांच्या हिशेबात वहिनी कुठेच नाही.

इथलं सगळं गोड नाही. पंधरा मिनिटांत उरकून जाणारे केअरर मी रोज बघते. शिल्लक २३,२५० पौंडांच्या वर असेल तर खर्च ज्याचा त्याने करायचा, आणि हा आकडा २०१० पासून जागचा हललेला नाही. तरी प्लॅन त्या माणसाच्या हातात असतो. तो दाखवून भांडता येतं.

पण माझं असेसमेंट कोण करेल, हा विचार हल्ली पाठ सोडत नाही. डिमेन्शियात पुष्कळदा मागून शिकलेली भाषा आधी जाते. माझी इंग्रजी गेली, तर अंघोळीआधी माझ्या घशाखाली घास उतरत नाही, हे समोरच्या मुलीला कसं कळणार? माझ्या लेकीला मराठी समजतं, बोलता येत नाही. कराडला परतावं तर तिथे मला विचारणारं कुणी नाही. इथे विचारतील, आणि मला सांगता येणार नाही. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आत्याचं मात्र अजून हातात आहे. दिवाळीत जाईन तेव्हा आतेभाऊ, वहिनी, ब्युरोची बाई आणि आत्या, सगळ्यांना एकत्र बसवणार आहे. पहिल्यांदा आत्याने बोलायचं. ती आधी डायपरचंच काढेल, याची मला खात्री आहे.