सव्वा माणूस

दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला, मालवणजवळच्या देवबागच्या खाडीकाठी, मला मासळीच्या वजनकाट्यावर उभं करण्यात आलं. आकडा आला १०१.६. आकडा मला अगदीच अनोळखी होता असं नाही, पण अकरा माणसांनी तो एका सुरात मोठ्यानं वाचलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

या सगळ्याला कारण बोट. बहीण देवबागला दिलेली, भाच्याला हवेच्या बोटीचा नाद लागला, आणि मामा नावाचं नातं आपल्याकडे खर्चासाठीच निर्माण झालेलं आहे. सव्वातीन मीटरची रबरी बोट, मागच्या फळीला अडकवलेलं पंधरा हॉर्सपॉवरचं इंजिन. काल्पनिक सागरी जीवनाला एवढं पुरेसं होतं.

दुखणं एकच. इंजिनाच्या दांड्याची मूठ पिरगाळली की बोट पुढे जायच्या आधी वर जायची. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आभाळाकडे, ढुंगण पाण्यात, आणि मधे दांडा धरून बसलेला मी ढगांकडे बघत बोट हाकतोय. समोर होडी आहे की किनारा, ते भाच्यानं उभं राहून सांगायचं. एकदा तर एकटाच गेलो होतो आणि समोरून वारा आला. वर उचललेल्या नाळेखाली तो असा शिरला की बोट आता घावनासारखी उलथते की काय, असं वाटलं. मी गुपचूप मूठ सोडली आणि बदकाच्या वेगानं परत आलो. धक्क्यावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

हिशोब साधा होता. मागच्या एका मीटरात पन्नास किलोंचं इंजिन, चोवीस लिटर पेट्रोल म्हणजे टाकीसकट वीस किलो, आणि मी. पुढच्या दोन मीटरांत एक छोटा नांगर, दोन चपला आणि बहिणीनं दिलेला डबा. अशी बोट मागे बसणार नाही तर काय करणार? पण यात दोष इंजिनाचा आहे असं माझं मत होतं. अजूनही निम्मं आहे.

कारण बघा, जुनी टू-स्ट्रोक इंजिनं याच ताकदीची पण पस्तीस-छत्तीस किलोंची असायची. फोर-स्ट्रोक आलं, आवाज कमी झाला, पेट्रोल कमी लागायला लागलं, धूर गेला, आणि वजन पंधरा किलोंनी वाढलं. अगदी लग्नानंतर सुधारलेल्या माणसासारखं. रबरी नळकांडी मात्र होती तेवढीच राहिली. विकणाऱ्याला हे विचारलं तर तो म्हणाला, “साहेब, टू-स्ट्रोक आता कोण घेतं?” हे काही माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण त्यानं ते इतक्या दयेनं दिलं की मी चेक लिहिला.

या बोटींवर एक पाटी असते. किती माणसं, किती किलो, किती हॉर्सपॉवर. त्यात माणूस म्हणजे ७५ किलो धरलेला असतो. मी तेव्हा मोबाइलवर भागाकार केला, ९४ भागिले ७५, उत्तर आलं १.२५. म्हणजे मी सव्वा माणूस. वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. सव्वा हा आपल्याकडे शुभ आकडा आहे, देवाला आपण सव्वा रुपयाच ठेवतो.

आता मूळ भानगड काय असते ते सांगतो, कारण हे कळायला मला तीन महिने लागले आणि ते ज्ञान वाया जाऊ द्यायची माझी इच्छा नाही. बोट चालली की स्वतःची लाट स्वतः तयार करते. वेग वाढला की ती लाट लांब होत जाते आणि एका वेगाला बोटीएवढीच लांब होते. त्याच्या जरा पुढे गेलं की नाळ लाटेच्या माथ्यावर आणि मागची बाजू खळग्यात. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८७०च्या दशकात टॉर्की गावी लांबलचक हौद बांधून त्यात जहाजांच्या छोट्या प्रतिकृती ओढून ओढून या लाटांचा हिशोब लावला. आमच्या बोटीला ही वेळ ताशी सातेक किलोमीटरला येते. तिथून पुढे एक तर ती लाट ओलांडून पाण्यावर सपाट घसरायला लागायचं, नाहीतर करूळ घाटात दुसऱ्या गिअरला अडकलेल्या एसटीसारखं नुसतं कण्हत राहायचं. आम्ही तीन महिने कण्हत होतो.

उपाय म्हणून मी आधी पैसे खर्च केले. इंजिनाच्या पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते, तिला बोल्टनं बसवायची प्लास्टिकची फिन मिळते. पाण्यात ती मागच्या बाजूला उचल देते. तिच्यासाठी नव्या कोऱ्या इंजिनाला चार भोकं पाडावी लागतात. ती भोकं पाडताना ड्रिलचा जो आवाज आला, तो मला अजून झोपेत येतो. फिन लावली, बोट धक्क्याला आणली आणि तिथे आबा बसले होते.

आबा नेमके कुणाचे आबा हे मला आजतागायत कळलेलं नाही. सगळं गाव त्यांना आबाच म्हणतं. मासळीच्या उलट्या क्रेटवर बसून ते जाळं विणत असतात. ऐन उमेदीत शिडाच्या होड्यांवर तांडेल होते म्हणे. वजन असेल पंचेचाळीस किलो, त्यातले पाच मिश्यांचे. मान वर न करता त्यांना सगळं दिसतं.

“पावणे,” ते म्हणाले, “होडयेक पंख कित्याक लावलात?”

“पंख नाही आबा, फिन. मागची बाजू वर उचलते.”

“कोणाची?”

“म्हणजे?”

“होडयेची काय तुमची?”

शेजारी सुरमई कापणारी बाई सुरी खाली ठेवून हसली. मी दुर्लक्ष केलं. पाहुण्यानं गावात दुर्लक्ष करायला शिकावं लागतं. पण आबांच्या हातातली सुई थांबली होती, आणि ती थांबली की काहीतरी होतं.

“इंजान कितक्या?”

“पन्नास किलो.”

“टाकी?”

“वीस.”

“आनी तुमी?”

“चौऱ्याण्णव.”

“खंयच्या काट्यार?”

“घरच्या.”

“घरचो काटो घरच्या माणसासारखोच,” आबा म्हणाले. “उगाच कित्याक दुखवतलो?”

मग त्यांनी हाताच्या इशाऱ्यानं समोरच्या शेडमधला इलेक्ट्रॉनिक काटा दाखवला. नुकतीच बांगड्याची टोपली त्यावरून उतरली होती, पत्र्यावर खवले चिकटलेले. मी म्हणालो, राहू दे आबा. भाचा म्हणाला, मामा, एकदाचं कळू दे ना, हिशोबाला लागेल. या पोराची मुंज मी केली. तरी मी चढलो, अंगात ओलं लाइफ जॅकेट, पायात सँडल.

१०१.६. लाल अक्षरांत. आकडा मधे एकदा १०२.१ला जाऊन आला, कारण मी श्वास घेतला.

“बर्फ वजा करा गो!” सुरमईवाली ओरडली.

“जॅकेट ओलं आहे,” मी म्हणालो. हे वाक्य माणसानं कधी बोलू नये.

“दोन किलो पानी,” आबांनी न्याय दिला. “नव्याण्णव. बोला!”

आणि बोली लागली. खरोखर लागली. मागून कुणीतरी म्हणालं, “पाचशे.”

“किलोक?”

“छ्या! सगळ्याक.”

“आनी टोपली परत देवची,” दुसरी म्हणाली.

मी उतरेपर्यंत बोली सहाशेवर गेली होती. ती आबांनी वाढवली, माझ्या बहिणीच्या सासरचा मान म्हणून. नंतर जेवताना मी मनातल्या मनात भाव काढला, किलोला सहा रुपये पडतात. खतात जाणारी बारीक मासळीसुद्धा या भावात कुणी देणार नाही. हसा, हसायला काही हरकत नाही, मीही तिथे हसलोच. पण एक सांगतो. पंचेचाळीस किलोंच्या माणसाला कुणी काट्यावर उभं करत नाही. “आबा, तुम्ही एवढे वाळलात कसे?” असं विचारलं तर उद्धटपणा होतो. जाड माणसाचं वजन मात्र सार्वजनिक मालमत्ता. लग्नात, लिफ्टमध्ये, रिक्षात, दवाखान्यात, कुणीही यावं आणि अंदाज बांधावा. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाला जाताना खलाशी माणसांना इकडे-तिकडे बसवतात ते एक ठीक आहे, त्यात समतोल आहे. पण “तुमी मधी बसा” हे वाक्य पन्नास माणसांत प्रत्येक वेळी माझ्याच वाट्याला येतं, आणि माझी बायको दर वेळी समुद्राकडे बघायला लागते.

असो. आबांचं निदान एका वाक्यात होतं. “फुडे बसा.”

आता मागच्या इंजिनाचा दांडा पुढे बसून धरायचा कसा? त्याला लांबवायचं. मालवणच्या हार्डवेअरच्या दुकानात मी पीव्हीसी पाइपचा तुकडा मागितला. दुकानदारानं विचारलं, “कुठल्या टाकीला?” मी म्हटलं, बोटीला. त्यानं पाइप देण्याआधी मला नीट बघून घेतलं. पाइप मुठीवर चढवला, क्लॅम्प आवळला, दोन फूट पुढे बसलो. त्यावर कळलं की इंजिन बंद करणारी लाल दोरी, जी माणसाच्या मनगटाला अडकवलेली असते, ती आता पुरत नाही. मी जरा पुढे सरकलो की इंजिन मला पाण्यात पडलो समजून बंद. दोरी लांब आणली. टाकी पुढे न्यायची तर पेट्रोलची नळी आखूड. नळी आणली. दोन महिने मी बोटीचा एकेक अवयव लांब करत होतो, आणि दर वेळी आबा क्रेटवरून विचारत होते, “आज काय वाडला?”

हवेचंही तसंच. हवेच्या बोटीला हवा कमी असेल तर ती मधोमध वाकते आणि इंजिन आणखी खाली बसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही दुपारच्या उन्हात कडक फुगवायचो आणि खाडीच्या गार पाण्यात उतरवली की दहा मिनिटांत ती शिळ्या भाकरीऐवजी ताज्या चपातीसारखी व्हायची. मग पाण्यात उतरवून, गार होऊ देऊन, पुन्हा पंप मारायला शिकलो. पंप भाचा मारतो, मी मापक बघतो.

आणि आता सगळ्यात लाजिरवाणं. इंजिन ज्या ब्रॅकेटवर टेकतं, तिथे पाच भोकं असतात आणि एक खिट्टी. खिट्टी फळीच्या जवळच्या भोकात घातली की इंजिन आत झुकतं आणि नाळ खाली दाबली जाते, लांबच्या भोकात घातली की नाळ वर. आमची खिट्टी पहिल्या दिवसापासून सगळ्यात लांबच्या भोकात होती. विकणाऱ्यानं ती तशीच दिली, आणि मी पैसे मोजून फिन आणली, नव्या इंजिनाला चार भोकं पाडली, पण फुकटातली पाच भोकं होती त्यांच्याकडे पाहिलं नाही. भाच्यानं ती खिट्टी एका मिनिटात दोन भोकं आत घेतली. हे त्याला कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही, कारण समोर जाळं विणणं चालू होतं.

परवाच्या रविवारी शेवटी आम्ही तिघे निघालो. दांड्याशी भाचा, अठ्ठावन्न किलो. मधे टाकी. आणि मी, बोटीचा मालक, अगदी पुढे, नाळेवर, दोन्ही हातांनी दोरी धरून. आबा बाजूला, फुकटचा फेरा म्हणून.

“आमच्या येळार नीरम म्हणान दगड भरीत,” माझ्या गुडघ्याकडे बघत ते म्हणाले. “दगड उलट बोलत नसत.” नीरम म्हणजे होडी डगमगू नये म्हणून तिच्यात ठेवायचं वजन.

मूठ पिरगाळली. नाळ जरा उचलली, थांबली, विचार केला आणि खाली आली. बोट सपाट झाली. कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमाच्या बाजूला आम्ही पाण्यावरून नुसते घसरत गेलो, मागे सरळ पांढरी रेघ, पाण्याचा आवाजच बदलला, कण्हणं जाऊन सळसळ आली. मला खरंच भरून आलं. पण ते कुणाला दिसलं नाही, कारण नाळेवर बसणाऱ्याच्या तोंडावर प्रत्येक लाट स्वतंत्रपणे येऊन फुटते. परत येईपर्यंत माझ्या कानात, नाकात आणि खिशातल्या मोबाइलमध्ये कर्ली नदी होती.

सोमवारी मी ठाण्याला परतलो. आज दुपारी कुटुंबाच्या ग्रुपवर भाच्याचा फोटो आला. बोट झकास सपाट पळतेय, आणि नाळेवर, काल-परवा मी बसलो होतो तिथेच, वीस लिटरचे दोन निळे कॅन पाणी भरून दोरीनं बांधलेत. दोन्हींवर काळ्या मार्करनं लिहिलंय: “पाव मामा”, “पाव मामा”. बायकोनं अंगठा टाकला, बहिणीनं सात हसरे चेहरे.

मी फोटो मोठा करून बघितला. वीस लिटर म्हणजे वीस किलो. तो पाव मामा, तर अख्खा मामा ऐंशी.

हिशोब चुकलाय. पण मी त्याला काही कळवलेलं नाही.